चौथा कोपरा

“आजोबा, तुमची भिंत मुकी का आहे?”

विचारलं. झालं विचारून. तोंडातून सुटलेला शब्द आणि डब्यातून सांडलेला रंग परत भरता येत नाही, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

खरं तर प्रश्न माझा नव्हताच. माझ्या वर्गातल्या जुळ्या बहिणींचा होता. शनिवारी शाळेतून परत येताना बसस्थानकावर आम्ही तिघींनी आजोबांनी नुकत्याच रंगवलेल्या क्यूआर कोडसमोर फोन धरले. पुढे गेलो, मागे आलो, वाकलो, बाकावर चढलो. एक कंडक्टर म्हणाला, “काय गं, भिंतीशी भांडण झालंय का?” फोन ढिम्म. मोठी जुळी म्हणाली, “तुझ्या आजोबांची भिंत मुकी आहे.” धाकटी म्हणाली, “हिंमत असेल तर घरात सगळ्यांसमोर विचार त्यांना. विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही उचलू.”

माझं दप्तर किती जड असतं ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. पण मी दप्तरासाठी नाही विचारलं. लहानपणी मला घरात ‘पुटपुट’ म्हणायचे, कारण मी काय बोलते ते माझं मलाच ऐकू जायचं. हल्ली ‘भोंगा’ म्हणतात. आणि भोंग्याने वाजायचं नाही तर काय करायचं?

तर, रविवारची दुपार. रंगाची शेड. टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या शिड्या आणि उलट्या डब्यांवर बसलेलं आमचं अख्खं घर. पणजोबांनी दाराच्या चौकटीवर रंगवलेली ओळ अजून तशीच ठसठशीत: आधी कोपरे, मग मजकूर. तिच्याखाली बसून ही शेड राहणार की जाणार ते आज ठरायचं होतं.

म्हणजे तसं ठरलंच होतं. काकाला छपाईचं दुसरं मशीन आणायचं होतं आणि त्याला जागा हवी होती. डेपोच्या साहेबांनी आजोबांना एक भिंत दिली होती, परीक्षेसारखी. भिंतीवरचा कोड फोनने वाचला की गाडी कुठवर आलीये ते दिसायला हवं. वाचला गेला तर गावातल्या सगळ्या थांब्यांच्या भिंती आम्ही हाताने रंगवायच्या. नाही वाचला तर काकाने स्टिकर छापून चिकटवायचे. साहेब सोमवारी सकाळी पहिल्या गाडीला फोन घेऊन हजर होणार होते. काम दोन्हीकडून घरातच राहणार होतं. प्रश्न फक्त एवढाच, की ब्रश जगणार की नाही.

आणि ज्यांनी त्यासाठी दंड थोपटून उभं राहायचं, ते आजोबाच मी तोंड उघडायच्या जरा आधी म्हणाले होते, “दिली शेड. घे. माझं झालं करून.”

इतक्या हळू म्हणाले, की मला वाटलं पुटपुट मी नाही, तेच.

म्हणून मी वाजले.

“भोंग्या!” आई ओरडली. “ही काय बोलायची पद्धत झाली?”

आत्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. आत्या गाडी चालवायला शिकवते, आणि घरात कुणी वेग वाढवला की तिचा पाय आपोआप ब्रेक शोधतो. “थांब. आधी आरसा बघ, मग वळ,” ती मला म्हणाली. “तो कोड वाचत नाही, हे तुला कसं कळलं?”

“काल स्कॅन करून पाहिला. तिघींच्या फोनवर.”

“मीही पाहिला,” काका म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

“कधी?” आत्याने विचारलं.

“काल दुपारी. म्हटलं बोलू नये. अण्णांना वाईट वाटेल.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि तू गुपचूप मशीन ठरवायला निघालास?” आईने त्याला धारेवर धरलं.

“वहिनी, मशीनचं मी दोन वर्षं बोलतोय. आणि कोड वाचत नाही तो ऑइलपेंटच्या चकाकीमुळे. उन्हात भिंत आरशासारखी चमकते. यात अण्णांचा काय दोष?”

“चकाकी नाही, डोळे,” आई म्हणाली. आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, त्यामुळे जगातल्या निम्म्या भानगडी तिला नंबर बदलल्यामुळे झाल्यासारख्या वाटतात. “गेल्या आठवड्यात मामंजींनी स्वतःचा चष्मा टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला आणि ब्रश खिशाला लावला. मी तेव्हाच म्हटलं होतं, डोळे दाखवून या.”

बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत, हे काही नवीन नाही. पण एरवी ते गप्प असतात तेव्हा त्यांचे हात काहीतरी करत असतात. त्या दिवशी हातसुद्धा गप्प होते.

आता इथे मला थोडं थांबून प्रत्येकाच्या डोक्यात शिरावं लागेल. पुढचे कितीतरी दिवस मी एकेकाला धरून खोदून खोदून विचारलंय, त्यामुळे मनचं काही सांगत नाही.

आजोबांचं आधी. आजोबांना गावात ‘ओळंबा’ म्हणतात. त्यांची उभी रेघ म्हणजे ओळंबा सोडल्यासारखी, केसभरही कलणार नाही. चिकट टेप लावून रेघ मारणाऱ्याकडे ते कुबडी घेऊन चालणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. साठ वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या त्या एकाच नियमाने: चारही कोपरे सारखे. “तीन पायांचं टेबल आणि तीन कोपऱ्यांची पाटी, दोन्ही गिऱ्हाइकाला पाडतात,” हे पणजोबांचं वाक्य आमच्या घरात पाढ्यांच्याही आधी शिकवतात.

आणि साहेबांनी दिलेल्या कागदावरच्या कोडला होते तीन डोळे! वर दोन, खाली डावीकडे एक. काळी चौकट, आत पांढरी, मधे काळा चौकोन. उजवीकडे खाली नुसता बारीक चौकटींचा चिवडा. आजोबांनी साहेबांना विचारलं होतं, “हा चौथा राहिलाय का?” साहेब म्हणाले होते, “कागदावर आहे तसंच काढा.” मग आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा एक कोपरा वेगळा सोडला. दात-ओठ खाऊन सोडला. घरी कुणाला सांगितलंही नाही. दाराच्या चौकटीकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी ते भिंत बघायला गेले, तर चौथ्या कोपऱ्यात डोळा होता. मोठा, सुबक, बाकीच्या तिघांसारखा. आणि रेघ त्यांचीच.

त्यांनी तो काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

कल्पना करा. तुम्ही नक्की केलं नाही असं तुम्हाला वाटतंय, आणि समोर तुमच्याच हाताने केलेलं दिसतंय. आजोबा म्हणे तिथल्या बाकावर गाड्या येऊन जाईस्तोवर बसून राहिले. हाताने जुन्या सवयीने परस्पर रंगवून टाकलं आणि डोक्याला खबरच नाही, असं त्यांना वाटलं. चष्मा डब्यात बुडवला तेव्हा ते हसले होते. आता हसू आलं नाही. घरी येताना त्यांनी ठरवलं, की शेड देऊन टाकायची आणि कारण कुणाला सांगायचं नाही.

आणि मी विचारत होते, भिंत मुकी का आहे.

“चकाकी असेल तर सावलीत तरी वाचायला हवा होता,” मी म्हणाले. “आम्ही सावलीत पाहिला. हे बघा ना, फोटो आहे माझ्याकडे.”

“जाऊ दे गं,” आजोबा म्हणाले. “उकरून काय मिळणार?”

“उकरू दे,” आत्या म्हणाली. मघापासून ती काकाच्या गाडीत, म्हणजे त्याच्या बाजूने, बसली होती. आजोबा शिडीवरून उतरले म्हणजे तिचा जीव भांड्यात पडणार होता. पण आजोबा कधी “जाऊ दे” म्हणत नाहीत. ते ऐकून ती मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागली. “दाखव गं फोटो.”

मी फोन काढला. शनिवारचा फोटो शोधता शोधता बोट जास्त सरकलं आणि शुक्रवारचा समोर आला. शुक्रवारी दुपारी रंग ओला असतानाच जुळ्यांनी भिंतीसमोर सेल्फी काढून आमच्या ग्रुपवर टाकला होता. दोघी दोन बाजूंना, जिभा बाहेर, डोळे तिरळे, आणि मधे डोक्यांच्या वर पूर्ण कोड. खाली लिहिलेलं: ‘भोंग्याच्या आजोबांची नवी कोरी भिंत’. मी तो पाहून हसले होते. नीट पाहिला नव्हता.

आता पाहिला. मग शनिवारचा पाहिला. मग परत शुक्रवारचा.

“आत्या, तुझा फोन दे बरं.”

“कशाला?”

“दे तर!”

माझ्या फोनवर जुळ्यांच्या जिभा बाजूला सारून मधला कोड मोठा केला आणि आत्याचा फोन त्यावर धरला. जेमतेम श्वास घेतला असेल, टुंग! आत्याच्या फोनवर बसस्थानकाचं वेळापत्रक उघडलं. कुठली गाडी कुठे पोचली, कुणाला उशीर आहे, सगळं.

मला नाचावंसं वाटत होतं आणि मी थोडीशी नाचलेही.

“बोलली! आजोबा, तुमची भिंत बोलली! शुक्रवारी बोलत होती!” मी दोन्ही फोटो सगळ्यांच्या नाकासमोर फिरवले. “हे बघा, शुक्रवारी तीन डोळे. शनिवारी चार. फोनला तीन डोळ्यांवरूनच कळतं, वर कुठे, खाली कुठे. वेगळा कोपरा कुठे आहे ते बघून तो सरळ उभा राहतो. चारही सारखे केले की बिचाऱ्याला डोकं कुठे आणि पाय कुठे तेच कळत नाही. शिवाय चौथ्याच्या खाली जो मजकूर होता तो गेला तो गेलाच.”

“हे तुला कुणी शिकवलं?” आईने विचारलं.

“काल रात्री वाचलं. अभ्यास करतेय म्हणाले होते ना, तेव्हा. पण भिंतीचे डोळे मोजायचं सुचलं नाही.”

काकाने माझ्या हातातून फोन घेतला. तो आमच्याकडचा हुशार माणूस. खरं तर त्यालाच पहिल्यांदा दिसायला हवं होतं. पण अण्णांचं काम कुणी कागदाशी ताडून बघत नाही, आमच्या घरात तो उद्धटपणा समजतात. काकानेही चकाकी तपासली, ऊन तपासलं, फोन तपासला. कोपरा तपासला नाही. “म्हणजे शुक्रवारी दुपारनंतर कुणीतरी...” तो म्हणाला आणि थांबला. मग अगदी हळू, “अण्णा, तुम्ही संध्याकाळी परत गेला होतात का?”

आजोबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

“गेलो असेन,” ते म्हणाले. “मीच काढला असणार. रेघ माझी आहे.”

“असणार म्हणजे?” आत्या.

“म्हणजे आठवत नाही, ताई! अजून काय सांगू? चष्मा बुडवला, तसाच हा. उद्या कुणाच्या घराच्या दारावर दवाखान्याची पाटी रंगवून येईन, त्याच्या आधीच मला घरी बसवा. म्हणून तर देतोय शेड.”

आईने तोंडावर हात ठेवला. मी नाचायची थांबले. जुळ्यांच्या प्रश्नाच्या टोकाला हे लटकत असेल, असं मला वाटलंच नव्हतं. पण मागेही फिरायचं नव्हतं. काहीतरी जुळत नव्हतं, आणि ते काय हे शोधत मी इकडेतिकडे पाहिलं, तर बाबा उठून उभे राहिले होते.

आता बाबांचं सांगते. तेही आजोबांच्याच हाताखाली पाट्या रंगवायला शिकले. शुक्रवारी संध्याकाळी बाबा शिडी परत आणायला बसस्थानकावर गेले होते. भिंत पाहिली आणि त्यांनी कोपरे मोजले. तीन कोपरे झालेले, चौथ्यात नुसते बारीक ठिपके. अण्णांकडून कोपरा राहिला! ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना कोपरे शिकवले, त्याच्याकडून! चष्म्याचं प्रकरण ताजं होतं. उद्या लोक बघतील, साहेब बघतील, भाऊ बघेल. कागद तर आजोबांच्या खिशात. बाबांनी आजूबाजूला पाहिलं, डबा उघडला, शिडी चढले आणि बापाची चूक झाकली. त्यांच्या आणि आजोबांच्या रेघेत फरक करता येत नाही, याचा बाबांना केवढा अभिमान! त्या संध्याकाळी तो त्यांच्या कामी आला. म्हणजे, मुळावर आला.

“तुम्ही नाही काढला, अण्णा,” बाबा म्हणाले. “मी काढला.”

“काय?”

“मला वाटलं, तुम्ही विसरलात.”

“मी विसरलो?”

“चौथा कोपरा राहिला असं वाटलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत भरून टाकला. तुम्हाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. आणि मघाशी... मघाशीच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही.”

आजोबा बाबांकडे वळले. मी मनात म्हटलं, आता ब्रश उडणार. मागे काकाने पहिलं मशीन आणलं तेव्हा जे रामायण झालं होतं, त्यात तीन डबे आणि एक खिडकी गेली होती.

आजोबांच्या खांद्यांना हिसका बसला. मग पोटाला. मग कळलं, ते हसतायत.

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?”

“आहे की.”

“मी नव्हता काढला!”

“नाही अण्णा.”

“अरे गाढवा! मी दोन दिवस स्वतःला म्हातारचळ लागला समजून मरतोय, आणि तू! बापाचं झाकायला गेलास आणि बापालाच झाकलंस!” डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत त्यांनी बाबांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तो हात तिथेच राहू दिला. बाबा मोठे आहेत, मिशा आहेत त्यांना. पण त्या क्षणी ते माझ्याहून लहान दिसत होते.

“चष्मा तरीही तपासायचा,” आई डोळे पुसत म्हणाली.

“तपासू. उद्याच जाऊ. आणि हे बघ,” आजोबा काकाकडे वळले, “शेड देत नाही.”

“हे बरंय!” काका उसळला. “मघाशी दिली, आता नाही? अण्णा, मी शत्रू आहे का तुमचा? ठेवा शेड. कोपरा पुसा, भिंत बोलेल, सगळे थांबे आपल्याला मिळतील. पुढे? तुम्ही किती वर्षं चढणार शिडीवर? दादा किती वर्षं? त्याच्यानंतर कोण? मला मुलं नाहीत. ताईची दोघं परदेशात. ही पुढच्या वर्षी होस्टेलला चालली, बॅगसुद्धा आणून ठेवलीय वहिनीने. ही शेड ठेवायची तरी कोणासाठी, एवढं सांगा. उंदरांसाठी?”

काका वाईट नाही, हे इथे लिहून ठेवते. मला नंतर कळलं, की त्याच्या छपाईच्या खोलीत पणजोबांची ती ओळ छापून लावलेली आहे. पण त्याने विचारलं ते खरं होतं. आजोबांचा हसरा चेहरा विझला. बाबांनी खाली पाहिलं. आत्याचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला.

“ते नंतर बघू,” मी म्हणाले. “आधी भिंत. उद्या साहेब येणार. चला!”

“कोण चढणार?” आत्या म्हणाली. “अण्णा नाही. ते मी सांगून ठेवते.”

“हा पण नको,” आजोबा बाबांकडे बोट दाखवत म्हणाले. “हा परत चारही सारखे करून येईल.”

“मी चढते,” मी म्हणाले.

“तू?” तीन आवाज एकदम. चौथा आईचा, जरा उशिरा आणि जास्त वरच्या पट्टीत.

“मी. मला कोपऱ्यांची सवय नाही. कागदावर असेल तेच काढीन.”

बाबांनी शिडी उचलली.

आत्याच्या गाडीच्या टपावर शिडी बांधली. गाडीच्या टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी आहे, तिच्याच बाजूला शिडीचा पाय आला. बसस्थानकावर पोचलो तर जुळ्या आधीच बाकावर हजर. मी निघतानाच ग्रुपवर टाकलं होतं.

“विचारलंस?” मोठीने विचारलं.

“विचारलं. दप्तर तयार ठेवा. नाही, खांदे तयार ठेवा.”

मी चढले. पहिल्या चार पायऱ्या सोप्या असतात. मग शिडी आपली आपण श्वास घ्यायला लागते. खाली आईने शिडीचा एक पाय धरला होता, बाबांनी दुसरा. मी पांढऱ्या रंगाने डोळा बुजवायला घेतला. इतका सुंदर काढला होता बाबांनी, की पुसताना वाईट वाटलं. एक हात मारला, दुसरा मारला, तरी खालचा काळा भुतासारखा डोकावत होता.

“सुकल्याशिवाय वरचा हात द्यायचा नाही,” खालून आजोबा.

“सुकेपर्यंत अंधार पडेल!”

तेवढ्यात काका, जो आमच्यासोबत आलाच नव्हता, त्याच्या स्कूटरवरून उतरला. हातात गरम हवेचा फुंकणा. स्टिकर ताणून बसवायला तो वापरतात. समोरच्या चौकशीच्या खिडकीतून त्याने वायर ओढून आणली आणि फुंकणा वर माझ्याकडे दिला. “लांबून फिरव. एका जागी धरलास तर फोड येतील,” एवढंच म्हणाला. आजोबा दुसरीकडे बघत म्हणाले, “मशीनवाल्यांकडे एखादी कामाची वस्तू असते म्हणायची.” काका म्हणाला, “तुमच्याकडून कौतुक म्हणजे एवढंच, नाही का?” पण दोघं शेजारी शेजारीच उभे राहिले.

मग खडूची दोरी. आजोबांनी एक टोक खालून धरलं, मी वरून ताणून टिचकी मारली. आडव्या, उभ्या, बारीक चौकटी उमटल्या. मी खिशातून टेप काढला.

“कुबडी!” आजोबा ओरडले.

“असू दे कुबडी. तुमचा हात साठ वर्षांचा आहे, माझा आजच जन्मलाय. तो चालेपर्यंत टेपच लावणार मी.”

आजोबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, शेवटी काकाकडे दिला. “तू वाच. माझा चष्मा उद्या.”

काका वाचायला लागला. “पांढरा. काळा. काळा. पांढरा.” मी भरत गेले. “काळा, पांढरा... थांब, ही ओळ संपली. पुढची. काळा.” फलाटावरचे लोक गोळा व्हायला लागले. कालचा कंडक्टर म्हणाला, “मिटलं वाटतं भिंतीशी!” माझी मान मोडायला आली होती, बोटं चिकटली होती, एक थेंब ओघळला तो आजोबांनी खालूनच सांगून पुसायला लावला. बारीक चौकटींच्या मधे एक इवलासा डोळा होता, वाटाण्याएवढा वाटावा इतका छोटा. तो भरताना मी श्वास घेतला नाही.

शेवटची चौकट. टेप ओढला. रेघ सरळ होती. ओळंब्यासारखी नाही, पण सरळ.

“जुळ्यांनो!”

त्यांनी फोन वर धरले, पण त्यांच्या आधी गर्दीतल्या एका बाईंनी धरला. पाठीवर झोपलेलं मूल, एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन. त्यांना आमचं रामायण काहीच ठाऊक नव्हतं. फोन बघून त्या शेजारणीला म्हणाल्या, “पुलापर्यंत आलीये गं आपली गाडी. चल, पुढे उभ्या राहू.” आणि गेल्यासुद्धा.

बस्स. एवढंच. एवढ्यासाठीच तर भिंत होती.

जुळ्या किंचाळल्या. आत्याने दोन्ही पाय उचलून उडी मारली, ब्रेक-बिक काही नाही. आजोबा त्या वेगळ्या राहिलेल्या कोपऱ्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच तो त्यांना खुपत नसावा असं वाटलं. काका कागदाची घडी घालत म्हणाला, “झालं. जिंकलात. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.”

मी शिडीवरच होते. तिथून सगळे दिसतात. आजोबांच्या डोक्यावरचं विरळ झालेलं वर्तुळ, बाबांच्या खांद्यावरचा पांढरा थेंब, आईची घट्ट धरलेली बोटं. मला होस्टेलची ती बॅग आठवली, निळी, चाकांची, माझ्याच पलंगाखाली. छान आहे बॅग. मी ती निवडतानाही ‘जायचं नाही’ असं पुटपुटलेच होते.

“आई, बाबा,” मी म्हणाले, भोंग्याच्या आवाजात नाही, पण पुटपुटलेही नाही. “मी होस्टेलला जाणार नाही. शिकणार आहे, सगळं शिकणार आहे, गणितसुद्धा, पण इथल्याच कॉलेजात. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून शेड. उद्यापासून ब्रश धुण्यापासून सुरुवात. काका, तू विचारलंस ना कोणासाठी? माझ्यासाठी. तुझं दुसरं मशीन अर्ध्या शेडमध्ये बसतं का ते मोजून सांग, अर्धी माझी.”

“अगं, आधी खाली तर ये,” आई म्हणाली. “घरी जाऊन बसून बोलू, विचार करू...”

“विचार झालाय, आई. मी विचारत नाहीये, सांगतेय. आता दोघं शिडी नीट धरा. मी उतरतेय.”